सहाव्या नियमाचा शेरा

तोतारामच्या अंगाला हळद लागत होती, नेमका तेव्हाच शेजारच्या मगनभाऊंच्या दुकानातून निरोप आला: जळगावहून फोन आहे.

फोन होता त्याच्या कंपनीतल्या शहनाज मॅडमचा. ठिबकाचे व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर चालावेत म्हणून दोघांनी वर्षभर खपून सी भाषेत लायब्ररी, म्हणजे छोट्या छोट्या फंक्शनांचा संच, लिहिली होती. सकाळी कंपनीच्या आवारात तिची चाचणी झाली आणि पहिल्याच फेरीत पाइप फुटला. चार वाजता गिऱ्हाईक पुन्हा बघणार होतं. तेव्हाही फुटला तर वर्षाची मेहनत पाण्यात.

"व्हॉल्व्ह उघडबंद करणारं फंक्शन तुझं आहे," मॅडम म्हणाल्या. "बघते मी. नाही उमगलं तर तुलाच यावं लागेल."

आपल्यालाच जावं लागणार हे तोतारामने ओळखलं. त्याचा कोड म्हणजे बाजाराच्या दिवसाची एसटी: सगळं एका ओळीत कोंबलेलं, नावं एकेका अक्षराची. लिहिणारा तोच, वाचणाराही तोच! म्हणून तर मॅडमनी भिंतीवर सात नियम चिकटवले होते. एका फंक्शनने एकच काम करावं, नावावरून काम कळावं, कंसातला मजकूर चार घरं आत घ्यावा. आणि सहावा, फंक्शन असं का लिहिलं ते वर शेऱ्यात सांगावं. "ही काय शाळेतली शुद्धलेखनाची वही आहे?" म्हणत हा गडी महिनाभर फुगून बसला होता. शेवटी लग्नाची रजा हवी म्हणून गेल्या आठवड्यात सगळं नियमाप्रमाणे उतरवलं, तेही दातओठ खात.

घरी येऊन तो पँट शोधू लागला, तर आई शेवंताबाई दारात आडवी.

"हयद लागली आंगाले, अन् जयगावले चालला? हयदीचा नवरदेव वेशीबाहेर जात नसतो!"

"माय, पाइप फुटला."

"फुटू दे. दुसरा बसोतीन!"

एवढ्यात दुकानातून पुन्हा हाक आली. तो पिवळ्या पायांनीच धावला.

"सापडलं," मॅडम हसत होत्या. "दोन ओळी उलट्या पडल्या होत्या. दुरुस्त करून बाराही व्हॉल्व्ह चालवून पाहिले. पाइप शाबूत!"

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"तुझ्या शेऱ्यावरून. वाचू? 'मॅडम, पुढचा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय मागचा बंद करू नये, पाणी कोंडून पाइप फुटतो. हे आमची म्हैससुद्धा सांगेल, पण नियम तुमचा, म्हणून लिहितो.' आणि खाली कोडमध्ये तूच मागचा आधी बंद करून ठेवलास!"

मागे अख्खं ऑफिस खिदळत होतं. तोतारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

"मॅडम, तेवढा शेरा खोडा."

"कारण सांगणारा शेरा खोडायचा नाही. सातवा नियम. वाचलाच नाहीस ना? उद्या येतो आम्ही सगळे पंगतीला."

मगनभाऊंचा फोन हळदीने पिवळाधमक करून तो परतला. शेवंताबाई अजून दारातच उभी होती.

"जायाचं का मंग?"

"नाही माय. म्हशीनं वाचोलं."

शेवंताबाईने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग हळदीची वाटी उचलली आणि त्याच्या हसऱ्या गालावर आणखी एक हात फिरवला.