पाण्याचा राहिलेला मासा

हसू नका, मित्रांनो. कोपरखैरणे गावातल्या या घरात, माळ्याच्या कडेला, जुन्या छत्र्यांच्या शेजारी जी पिवळट, शेंड्याला जराशी वाकलेली काठी दिसते ना, ती मीच. गळाची काठी. परवाच कुणीतरी मला 'जळमटं काढायची काठी' म्हणालं. मी वाळवंट पाहून आलेली काठी आहे, म्हटलं! पण ऐकतंय कोण?

माझा जन्म दिनानाथांच्या परसातल्या बांबूच्या बेटात झाला. त्यांनी मला तोडलं, विस्तवावर धरून सरळ केलं, खोबरेल पाजलं, शेंड्याला तंगुसाचा नायलॉनी धागा बांधला आणि धाग्याला लोखंडी आकड्याची गरी अडकवली. चटके बसले खूप, पण कौतुकही तितकंच झालं. दिनानाथ तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी मात्र खाडीच्या बांधावर ते, मी आणि त्यांची लेक अबोली. पोरीनं माझ्या अंगाखांद्यावर खेळूनच गळ टाकायला शिकून घेतलं.

दिनानाथांचे दोन नियम होते. पहिला म्हणजे पंचांग बघितल्याशिवाय गळ टाकायचा नाही. तिथीवरून ते भरतीची वेळ काढत. पाणी चढतं तेव्हा मासा येतो, ओहोटी लागली की घरी जाऊन झोपायचं. दुसरा नियम त्यांच्या वडिलांचा होता. नव्या पाण्यात गळ टाकला तर पहिला मासा घरी न्यायचा नाही, पाण्याला परत द्यायचा. "पान्याशी वलख करायची ती अशी," असं ते म्हणत.

अबोलीचं लग्न झालं आणि जावई प्रसाद यांना नोकरी लागली ती थेट राजस्थानात, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका धरणावर. ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात एसटीडी बूथवरून अबोलीचा फोन आला. तिला पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला होता, म्हणजे माहेरी येणं नाही. आणि अन्न म्हणून पोटात ठरत नव्हतं.

"बाबा, मला ताजा मासा खावासा वाटतो हो," ती म्हणाली. "आईनं पाठवलेली सुकट उघडली तरी मळमळतं. इथे बाजारात मासा मिळत नाही. धरणातला सगळा बर्फात घालून ट्रकनं शहरात जातो." आणि मग ती रडायलाच लागली.

लेकीचे डोहाळे! दिनानाथांनी त्याच दिवशी रजा टाकली. पिशवीत कोकमं, घरचा मसाला आणि गरीला लावायला वाळकी कोळंबी घेतली आणि मला धोतरात गुंडाळून आगगाडीत बाकाखाली सरकवलं. बाकाखालून मला काय दिसणार? नुसते पाय! पण मित्रांनो, त्या पायांवरूनसुद्धा कळत होतं. आधी चपला होत्या, मग मोजे आले, मग जाड मोजड्या. थंडी वाढत चालली होती.

धरण पाहिलं आणि मी चाटच पडले. एवढं पाणी, आणि वास नाही! चिखल नाही, चिंबोरी नाही, तिवराचं एक झुडूप नाही. काठाला रेती आणि खडक. पहाटे पाण्यातून वाफ निघत होती. मला वाटलं, पाणी तापलंय. धागा आत गेला तर काय! असा गारठा की तंगूस तारेसारखा ताठ झाला. उंच मानेचे पक्षी थव्यानं उतरत आणि आमच्याकडे बघत उभे राहत. हे कोण आलेत, असं त्यांना वाटत असणार.

आम्ही अष्टमीला पोचलो होतो. दिनानाथांनी पंचांग काढलं. अष्टमी म्हणजे भरती पहाटे. उजाडायच्या आत कानटोपी चढवून ते खडकावर हजर झाले. मासा नाही. नवमीला जरा उशिरा गेलो, दशमीला आणखी थोडं उशिरा. मासा नाहीच. दुपार झाली की ते मला खांद्यावर टाकून परतत. "वाहोटी लागली, आता काय राम नाय."

प्रसादरावांनी भीत भीत सांगून पाहिलं, "बाबा, हे धरण आहे. इथे भरती-ओहोटी नसते."

"पानी हाय ना? मंग!" दिनानाथ म्हणाले. "पानी कुठलंबी असो, चंद्राचं ऐकतंच. अष्टमीची भांगाची भरती बारकी, म्हनून दिसत नाय, येवढंच."

मला एक शंका होती. ज्या खडकाला टेकवून मला ठेवत, त्याच्यावरची ओली रेघ तीन दिवसांत तसूभरही वर गेली नव्हती. पण काठीचं ऐकतो कोण? आणि खरं सांगू, मासे कुठे गेले असतील याचंच मला मोठं कुतूहल होतं. एवढ्या थंडीत ते आत करतात तरी काय?

इकडे अबोली दोन घास खाई आणि ताट सरकवी. डोळे खोल गेले होते. दिनानाथ तिच्यासमोर हसत आणि मला पुसताना मुसमुसत. मला सगळं ऐकू यायचं.

एकादशी उजाडली. संध्याकाळची परतीची गाडी होती, रजा संपली होती. सकाळ रिकामी गेली. दिनानाथ मला काठावरच ठेवून पिशवी भरायला हाकेच्या अंतरावरच्या घरी गेले. माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला फार लागलं ते.

भर दुपारी अबोली आली, उन्हात बसायला. हातात पोळी, न खाल्लेली. खडकांच्या आडोशाला पाणी उथळ होतं आणि वारा लागत नव्हता. तिनं पाय पाण्यात सोडले आणि "अगंबाई, कोमट आहे की!" असं मोठ्यानं म्हणाली. पाण्यावर एक वर्तुळ उठलं. मग दुसरं. सकाळभर तळाशी आखडून बसलेले मासे ऊन खायला वर आले होते, तिच्यासारखेच!

तिनं मला उचललं. कोळंबी काढून फेकली, पोळीचा तुकडा ओला करून मळला आणि गरीला लावला. किती वर्षांनी तिचा हात लागला मला! गळ टाकला, आणि थोड्या वेळानं माझ्या शेंड्याला असा हिसका बसला की मी कमानीसारखी वाकले. तेव्हाचा बाक अजून आहे माझ्यात.

"बाबा! ओ बाबा!"

दिनानाथ एका पायात चप्पल घालून धावत आले. काठावर हातभर लांबीचा रोहू उड्या मारत होता. ते हसले, टाळी वाजवली, आणि एकदम थांबले. अबोलीचाही चेहरा उतरला. पहिला मासा. नव्या पाण्यातला.

"सोडू का, बाबा?" तिनं विचारलं. विचारताना तिची नजर माशावरून हलली नाही, ते त्यांनी पाहिलं.

त्यांनी मासा दोन्ही हातांत घेतला आणि गुडघाभर पाण्यात गेले. वाकले. मला वाटलं, सोडला! मग ते ताठ उभे राहिले आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "पान्या, तू जरा वाट बघ. माझी पोर वाट बघून दमलीय."

आणि मागे फिरले.

त्या दिवशी गाडी चुकली ती चुकलीच. कोकम घालून कालवण केलं त्यांनी स्वतः. अबोलीनं भातावर भात घेतला, आणि पोटात ठरला! प्रसादराव वाढायला धावत होते. दिनानाथ तिच्याकडे बघत नुसते बसून राहिले.

पण घरी आल्यावर त्यांनी मला भिंतीवर टांगलं. कुणी बांधावर बोलावलं की म्हणत, "नाय रे. त्या पान्याचा मासा राहिलाय माझ्याकडं." पुढे बांधाजवळ भराव पडला, इमारती उठल्या, आणि मी भिंतीवरून माळ्यावर गेले. जळमटांची काठी झाले. रडले मी, मित्रांनो, अगदी कोरडी पडेपर्यंत.

आणि यंदा, अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, अबोली माहेरी आली. सोबत मनाली, तीच त्या पोटातली पोर. मोठी चौकस! "आजोबा, ही काठी वाकडी का?" असं तिनं विचारलं. दिनानाथांनी मला खाली काढलं, तेल लावलं आणि गावच्या तळ्यावर नेलं. पंचांग उघडलंच नाही. "दुपारच्या उन्हात जाऊ," एवढंच म्हणाले.

मनालीच्या हातांवर आजोबांचे हात होते. बोटभर लांबीची मासोळी लागली. दिनानाथांनी ती हलकेच सोडवून नातीच्या ओंजळीत दिली.

"सोड गो बाय. आपल्याकडून द्यायची राहिलीय."

"कुणाला?"

"लांब एक धरण हाय, त्याला."

"पण हे तर तळं आहे!"

"पानी कुठलंबी असो," दिनानाथ म्हणाले, "पानीच ना."

तिनं ओंजळ उघडली. दिनानाथांनी डोळे पुसले, अबोलीनंही.

मित्रांनो, मी पुन्हा माळ्यावर आले आहे. जळमटं काढा माझ्यानं, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी अशी एखादी वाकडी काठी असेल, तर मोडून बंबात घालण्याआधी तिला एवढं तरी विचारा, की बाई, तू कशानं वाकलीस?