व्हाळाचा नारळ

मुळगावात आमच्या वाड्यावरचा ओढा, आम्ही त्याला व्हाळ म्हणतो, मे महिन्याच्या शेवटच्या आयतवारी साफ करतात. वाड्यातल्या सगळ्या वस्तीतून घरटी एक माणूस आणि एक फावडे. खाणीच्या ढिगाऱ्यावरून वर्षभर वाहून आलेली लाल माती तेव्हा उपसली नाही, तर पूल तुंबतो आणि पाणी घरांत शिरते. पण राखणदाराला, म्हणजे व्हाळ राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवल्याशिवाय मातीला कुणी हात लावत नाही, आणि नारळाचा मान आमच्या घराण्याचा. थोरले काका गेले आणि तो मान माझा की चुलतभाऊ श्रीनाथचा, यावरून आमचे वाजले.

मी वयाने मोठा, तो थोरल्या काकांचा मुलगा. दोघेही हट्टाला पेटलो. आयतवार गेला, पुढचाही गेला. लोक फावडी घेऊन आले आणि आमची तोंडे बघून परत गेले. श्रीनाथ आधी नमेल अशी माझी खात्री होती. मूर्खाची खात्री, दुसरे काय!

पुलाला लागून शेवंतीचे घर. तिचा नवरा महादेव सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेला, अपघातानंतर दोन वर्षे खाटेवर होता. ती माझ्या पडवीत येऊन म्हणाली, "भाऊनु, तेका उठाक जमणा नाय. पाणी इला तर मी एकटी तेका खंय नेव?"

मी तिला श्रीनाथकडे पाठवले. त्याने तिला माझ्याकडे पाठवले.

अकरा जूनला भरदुपारी पूल तुंबला. शेवंती काजूच्या कारखान्यात कामाला गेली होती. आम्ही छातीभर लाल पाण्यातून आत शिरलो, तेव्हा उशीर झाला होता. महादेवने खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला होता. त्याची बोटे सोडवायला मी आणि श्रीनाथ, दोघे लागलो.

बाराव्यानंतरच्या आयतवारी सगळा वाडा व्हाळावर जमला. श्रीनाथने राखणदाराला ठेवायचा नारळ माझ्या हातात दिला.

"तूं व्हडलो. तूंच दवर."

मला तो धरवेना. मी त्याच्याकडे सरकवला, त्याने पुन्हा माझ्याकडे. एवढ्यात शेवंती नवऱ्याचे फावडे घेऊन आली. आमच्याकडे तिने बघितलेदेखील नाही.

"माझ्या घरातलो माणूस मी," ती म्हणाली, आणि व्हाळात उतरून माती उपसू लागली.

नारळ माझ्या हातातच राहिला.