एकच प्रश्न, दोन उत्तरं

मित्रांनो, मी संगणकात घालायची एक जुनी फ्लॉपी आहे. चौकोनी, काळी, तळहातावर मावेल एवढी. माझ्यासारख्या ढिगाने निघाल्या, पण माझ्यात एक खोड मुद्दाम ठेवलेली होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

माझ्यावरचा प्रोग्राम ज्याने लिहिला, तो चोरून केलेल्या नकलांना वैतागला होता. म्हणून त्याने माझ्या एका जागी मजकूर मुद्दाम कच्चा उमटवला. ती जागा दर वेळी वेगळीच वाचली जाई. प्रोग्राम सुरू होताना मला एकच प्रश्न दोनदा विचारी. उत्तरं जुळली नाहीत, की मी अस्सल! नक्कल बिचारी दोन्ही वेळा तेच सांगे आणि पकडली जाई. आहे की नाही गंमत?

मी आले ती बूट शिवणाऱ्या काकांच्या दुकानात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा वाकडा, अशांसाठी ते बूट करत. माझ्यावरून प्रोग्राम संगणकात उतरवला होता, सगळ्यांची मापंही तिथेच होती; पण मी आत गेल्याशिवाय ती दिसत नसत. काकांनी माझ्यासाठी मऊ चामड्याचं पाकीट शिवलं होतं. माझ्याजवळ कुणी चहाचा कप ठेवला, तरी त्यांचा जीव वरखाली होई.

अठरा वर्षं अशी गेली. मग मी थकले. सकाळी चार-पाच वेळा आत-बाहेर केल्यावर कुठे प्रोग्राम उघडे. काकांची पुतणी संगणक दुरुस्त करायची. तिने माझी नक्कल केली, पण प्रोग्रामने ती झिडकारली. मग तिने मला तपासलं.

"काका, हिच्यावर एक जागा खराब झालीय. नीट करून देऊ?"

"दे की. तेवढंच तिचं आयुष्य वाढेल."

मी ओरडून सांगणार कशी? पाच मिनिटांत माझी कच्ची जागा पक्की झाली. प्रोग्रामने मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. पडद्यावर अक्षरं आली, 'मूळ फ्लॉपी घाला.' अहो, मीच ती! पण ऐकतंय कोण?

नेमके तेव्हाच पोस्टमनदादा नवीन बुटांसाठी आले होते. त्यांचा डावा पाय आखूड आणि जुन्या बुटाचा तळ पार फाटलेला.

"पाय पुन्हा मोजीन गं," काका पुतणीला म्हणाले, "पण कुठे टोचत होतं, कुठे किती वाढवलं, हे अठरा वर्षांचं कुठून आणू?" पुतणीचा चेहरा एवढासा झाला.

तिला राहवेना. खराब जागा नीट केल्यावरच प्रोग्राम कसा अडला, हे कोडं तिला सुटत नव्हतं. माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर प्रोग्राम लिहिणाऱ्याचा फोन नंबर होता. तिने तो लावला. पलीकडे एक आजोबा होते. तिची चूक ऐकून ते आधी पोटभर हसले.

"कंपनी कधीच बंद पडली, पण प्रोग्राम माझाच आहे," ते म्हणाले. "परवानगी लेखी पाठवतो. प्रश्न विचारणारी ओळ कुठे आहे ते सांगतो, ती काढून टाक."

बोलता बोलता ते दोनदा अडखळले, एकदा चुकीची जागा सांगून परत मागे आले. तासाभराने प्रोग्राम मला काही न विचारताच उघडला. पोस्टमनदादांचं माप पडद्यावर आलं. काका खुर्चीत टेकले आणि डोळे पुसू लागले. संगणकातली माझी खाच रिकामी होती. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा, मेहनत तुमची आहे. पण ते उघडतं कसं, हे कुणाला तरी वेळेवर सांगून ठेवा. फोन ठेवताना आजोबा पुतणीला म्हणाले होते, "बरं झालं पोरी, यंदाच विचारलंस. हल्ली माझ्या डोक्यातलं एकेक पुसलं जातंय."