पहिल्या प्रकरणातली बाई

“मावशी, हे बघा, माझ्यावर संशय आहे,” असं म्हणत लंबू वेटर पुस्तक नाचवत थेट स्वयंपाकघरात शिरला. एरवी साधा ट्रे उचलतानाही कपाळाला आठ्या घालणारा हा माणूस आज खुनाचा संशय अंगावर घेऊन नुसता फुलला होता.

झालं होतं असं, की खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून कित्येक वर्षं काहीतरी लिहीत असलेल्या साहेबांची कादंबरी एकदाची छापून आली होती. कॉफीहाऊसमधला खून आणि त्याचा तपास. कॉफीहाऊस म्हणजे हेच, ते वेगळं सांगायला नको. डुगडुगणाऱ्या खुर्च्यांपासून सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. मशिनवर कॉफी करणारी मुलगी त्यात गुन्ह्याचा छडा लावत होती. आणि मालकांना कुणीतरी विष घालायला टपलं होतं, त्यामुळे मालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. “कुणी जिवावर उठावं एवढे मोठे आहोत म्हणजे आपण,” असं ते सुटे पैसे परत करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

“आणि मी?” मावशींनी कांदा चिरता चिरता विचारलं. विचारलं सहजच, पण सुरी थांबली होती.

लंबूनं पुस्तक मिटलं. “तुम्ही आहात की. पहिल्याच प्रकरणात आहात.” आणि बाहेरून कुणी हाक मारलेली नसताना तो “आलो, आलो” करत पसार झाला.

मालकांनी हौसेनं गठ्ठाभर प्रती आणल्या होत्या. त्यातली एक मावशींच्याही हातात पडली. संध्याकाळी घरी पोचल्या, तशा चप्पलसुद्धा न काढता त्या खुर्चीवर टेकल्या आणि वाचू लागल्या. त्यांच्या घरी वेळ मोडायला कुणी येत नसे. शेवटचा पाहुणा म्हणजे विजेचा मीटर बघायला आलेला माणूस, आणि तोही पाणी नको म्हणून निघून गेला होता.

पहिल्या प्रकरणात स्वयंपाकीणबाई मरत होती.

मालकांसाठी बाजूला काढून ठेवलेल्या सूपमध्ये विष होतं. बाईनं मीठ बघायला चमचाभर चाखलं आणि तिथंच कोसळली. ती गेली हे कळलं, ते दोन नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून. पुढच्याच प्रकरणात कॉफीवाली मुलगी म्हणते, “बिचारी उगीच मध्ये आली.” तेवढ्यावर बाईचा विषय संपला. सगळा तपास मालकांचा वैरी कोण, याचाच. थोडक्यात, त्या बाईला मारायचंसुद्धा कुणाच्या मनात नव्हतं.

मावशींनी पुस्तक खाली ठेवलं नाही. त्या संध्याकाळी नाही आणि पुढच्या संध्याकाळीही नाही. खुनी कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या बाईसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का, एवढंच त्या पानोपानी शोधत होत्या. कुठंतरी कुणीतरी म्हणेल, तिच्या घरी कळवलं का? पण घराचं नावच नाही. शेवटी खुनी सापडला, सगळे टेबलाभोवती जमून कॉफी प्यायले आणि नव्या स्वयंपाकीणबाईचा केक खाऊन म्हणाले, हा आधीच्यापेक्षा हलका झालाय. मेल्याचं मावशींनी एक वेळ सोडून दिलं असतं. केकचं मात्र फार लागलं. आणि त्या मागोमाग, इतकी वर्षं नीट सांभाळून दूर ठेवलेलं एकटेपण असं काही दाटून आलं, की त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी मालकांनी साहेबांचा छोटासा सत्कार ठेवला. केक अर्थातच मावशींनी केला; दोनदा चाळून घेतलेल्या मैद्याचा. टाळ्या वाजल्या, भाषणं झाली, गर्दी जराशी पांगली. तेव्हा मावशींनी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, केस सारखे केले आणि आपली प्रत घेऊन त्या बाहेर आल्या. मालक गल्ल्यापाशी, साहेबांच्या मागेच उभे होते.

“साहेब, एक विचारायचं होतं.”

“विचारा ना,” म्हणत साहेबांनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

“ती बाई गेली, त्यानंतर तिच्या घराचं काय झालं?”

“कुठली बाई?”

“पहिल्या प्रकरणातली. सूप चाखते ती.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. मनापासून समजावून सांगू लागला. “असं आहे, ही गमतीची रहस्यकथा आहे. संध्याकाळी चहा-कॉफी घेत वाचायची. यात खून तर पाहिजे, पण वाचकाला फार वाईट वाटूनही चालत नाही. मग असं कुणीतरी मारायचं, की ज्याच्या मागं कुणी नाही.”

“बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या. “पण घराला कुलूप असेल ना तिच्या? किल्ली कुणाकडे होती?”

“त्याचा काही विचार केला नव्हता मी.” साहेब आता त्यांच्याकडे निरखून बघू लागले. “फार बारकाईनं वाचलंत हो. तुम्ही येता का इथं नेहमी? कधी पाहिल्यासारखं वाटत नाही.”

“रोज येते,” मावशी म्हणाल्या.

लंबू शेजारचं टेबल पुसत होता. तो तिथून हलला नाही, पण मान वर करून बघितलंही नाही. साहेबांनी पुस्तकावर झोकात सही केली, आणि ती घेऊन मावशी आत निघून गेल्या. मालकांनी हे सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या त्या स्वयंपाकघरात न जाता गल्ल्यापाशी थांबल्या. पर्समधून एक किल्ली काढून त्यांनी काचेवर ठेवली.

“कुठली ही?” मालकांनी विचारलं.

“माझ्या घराची. जास्तीची आहे. राहू दे इथं.”

“इथं कशाला?”

“एखाद्या दिवशी मी आले नाही, तर लागेल कुणाला तरी.”

मालकांच्या ओठांवर काहीतरी विनोद आला होता, तो त्यांनी गिळला. किल्ली उचलून त्यांनी पाठीमागच्या खिळ्याला, कोठीच्या किल्लीशेजारी अडकवली. ती नीट अडकली की नाही हे बघण्यात उगीच थोडा वेळ घालवला. मग ओशाळून म्हणाले, “मावशी, तुम्ही राहता कुठं हो?”

मावशींनी सांगितलं. चौकातून आत वळायचं, खाली औषधांचं दुकान आहे ती इमारत. मालकांनी शाळेतल्या मुलासारखं पुन्हा म्हणून दाखवलं, पण शेवटी दुसरा मजला म्हणाले.

“तिसरा,” मावशी म्हणाल्या. “जिना चढला की डाव्या हाताचं दार. आत कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटेल, पण बाहेर थांबून राहू नका, किल्लीनं उघडा. तो रेडिओ असतो. निघताना मी चालू ठेवूनच येते.”