जाळीची बाजू

समाज भवनाचं चित्र शालिकरामनेच करायचं, यावर कधी चर्चाही झाली नाही. तीस वर्षं त्याने सरकारी खात्यात नकाशे काढले होते. निवृत्तीच्या तोंडावर तो कॉम्प्युटर शिकला आणि बालाघाटात घरं बांधायच्या आधीच ती पडद्यावर उभी करून दाखवू लागला. २००४ साली गावात हे काम करणारा दुसरा कोणी नव्हता.

चित्रातल्या भवनात एक मोठा हॉल होता, स्टेज होता, मागे स्वयंपाकघर होतं. आणि उगवतीच्या अंगाला बायकांची बाजू होती. तिथे चार संडास, न्हाणी, साड्या बदलायची खोली आणि लेकराला पाजायला बसता येईल असा ओटा. समोर सिमेंटची जाळी, म्हणजे वारा आत येईल आणि बाहेरच्याला आतलं दिसणार नाही. ही बाजू शालिकरामच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती त्याच्या बायकोची, कमलाची.

समाजाच्या लग्नात बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कमलाने त्याला एकदा सांगितलं होतं. "काहून?" त्याने विचारलं होतं. "जायचं कुठं?" ती म्हणाली होती. तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढणाऱ्या माणसाला तोवर हे ठाऊक नव्हतं. मग तिने स्वयंपाकघरात दोन्ही हात पसरून उभं राहून दाखवलं, साडी नेसलेल्या बाईला आत वळायला किती जागा लागते ते. त्याने टेपने मोजलं. बाया जमवून, शेजारच्या मैनाबाईला पुढे करून, तिने समितीकडून ती बाजू मंजूर करवून घेतली. त्यानंतरच्या पौषात तिला ताप आला. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. नवव्या दिवशी ती गेली.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. शालिकराम एकटाच राहायचा, पोळ्या जाड लाटायचा आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा.

समाजाचे अध्यक्ष मोतीलाल यांना दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स हवा होता. भवनाच्या जागेवर तो लावायचा, रविवारच्या सभेत सगळ्यांनी पाहून नकाशा पास करायचा आणि सोमवारी चुना टाकून आखणी करायची. एवढ्या मोठ्या फ्लेक्ससाठी चित्रही मोठं लागतं. भिंती, रंग, ऊन, सावली सगळं मांडून झालं की मशीन एकेक ठिपका मोजत चित्र पुरं करते. लहान चित्र अर्ध्या तासात व्हायचं. मोठं सुरू केलं की मशीन तास-दीड तास घरघरायची आणि मग मेमरी कमी आहे अशी पाटी पडद्यावर येऊन सगळं बंद पडायचं.

शालिकरामने जमेल ते सगळं केलं. बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. हार्डडिस्क रिकामी करून तिचा मोठा भाग मेमरीच्या मदतीला दिला. मशीन बंद करून, निवू देऊन पुन्हा सुरू केली. चार दिवसांत सात वेळा ती पाटी आली.

गुरुवारी अकरा वाजता मोतीलाल चित्र पाहायला येणार होते. सकाळी सहाला शालिकराम पडद्यासमोर बसला. आता काहीतरी काढावं लागणार, एवढं त्याला कळलं होतं. काय जड आहे हेही ठाऊक होतं. जाळीला सातशे भोकं होती आणि प्रत्येक भोकाच्या चारही कडा मशीनला मोजाव्या लागत होत्या. पण गेटपासून हॉलपर्यंत चाळीस पामची झाडं उभी होती आणि त्यांचं पानन् पान मोजलं जात होतं. तीन पाम काढले असते तरी जाळीएवढं ओझं उतरलं असतं.

पाम मोतीलालना आवडले होते. त्यांनी ते रायपूरला कुठल्याशा हॉटेलात पाहिले होते आणि दोनदा आठवण करून दिली होती. पाम कमी दिसले तर ते लगेच विचारतील. जाळीबद्दल कोण विचारणार?

त्याने बायकांची बाजू बंद केली. पुसली नाही, नुसती बंद केली, चित्रात येऊ नये एवढंच. मशीनने साडेनऊला चित्र पूर्ण करून दिलं.

मोतीलाल आले, खुर्ची ओढून बसले आणि खूश झाले. "वा! शालिकराम, एकदम फर्स्ट क्लास! पाम पाहा कसे उभे हायेत, जसे पोलिसवाले सलामी देऊन राह्यले." मग त्यांचं बोट उगवतीकडे गेलं. "हे इकडे मोकळं दिसते. पहिले काही होतं ना इथं?"

"हौ... ते मेमरीमुळे..."

"अरे राहू दे, राहू दे. असंच बरं दिसते. गाड्या लागतील इथं. पार्किंग तर पाहिजेच."

शालिकरामने फाइल सीडीवर टाकून मोतीलालांच्या हातात दिली. शुक्रवारी फ्लेक्स गोंदियाहून छापून आला आणि संध्याकाळी जागेवर लागलाही.

मैनाबाई त्याच संध्याकाळी पाहायला आली. फ्लेक्ससमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग शालिकरामजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, आमची बाजू कुठं गेली?"

"कॉम्प्युटरची मेमरी पुरली नाही, वहिनी. एवढं मोठं चित्र झेपत नाही त्याले."

तिने मान हलवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच तिने सगळं खरं मानलं. "जाऊ द्या. मशीनपुढं माणसाचं काय चालते? तुम्ही तर चार दिवस जेवलेही नसाल धड. उद्या भाजी पाठवते."

खरंच तिने भाजी पाठवली. वांग्याची होती. शालिकरामने डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं.

शनिवारी दुपारी पियुष आला. त्याचा मुलगा, नागपुरात एका आर्किटेक्टकडे हेच काम करायचा. बापाने फोनवर मेमरीचं गाऱ्हाणं केलं होतं, म्हणून तो स्वतःच बसने आला. हातपाय धुतले आणि सरळ फाइल उघडली.

"बाबा, तुम्ही पूरा चित्र एकसाथ काहून करून राह्यले? पट्टे पाडायचे. वरून खाली सहा पट्टे. एकेक पट्टा अलग रेंडर करायचा, म्हणजे तेवढंच चित्र मशीनकडून काढून घ्यायचं, मग जोडायचे. मशीनवर लोड येतच नाही. आमच्या इथं सगळे असंच करतात."

"पट्टे?"

"हौ. काहीच काढावं लागत नाही." पियुष माउस फिरवत होता. तो थांबला. "आईवाली बाजू बंद काहून हाय?"

शालिकराम टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"जड होती म्हणून? पण पाम तर चाळीसच्या चाळीस चालू हायेत." पियुषने खुर्ची वळवून बापाकडे पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाहत राहिला, मग पुन्हा पडद्याकडे वळला आणि बाजू चालू करून पहिला पट्टा लावून दिला.

शालिकराम मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मशीन लहान आहे, हे त्याने मोतीलालना सांगितलं, मैनाबाईला सांगितलं आणि गुरुवारपासून स्वतःलाही सांगत होता. मशीनने फक्त ओझं जास्त आहे एवढं सांगितलं होतं. काय खाली ठेवायचं ते त्याने निवडलं होतं. कमला जिवंत असती तर त्याची ती बाजू बंद करायची छाती झाली नसती. ती गेल्यावर झाली.

संध्याकाळपर्यंत सहाही पट्टे झाले. पियुषने ते घरच्या प्रिंटरवर काढले, चिकटपट्टीने जोडले. टेबलाएवढं चित्र झालं. त्यात पामही होते आणि जाळीही होती.

रविवारी सभेला दीडशे माणसं जमली. बायका मागे सतरंजीवर बसल्या होत्या. मोतीलाल नकाशा पास करायला लावणार तेवढ्यात शालिकराम उठला. त्याच्या हातात ते चिकटवलेलं चित्र होतं.

"फ्लेक्समध्ये बायकांची बाजू नाही," तो म्हणाला. "ती मंजूर झाली होती. ती पाहिजे."

"अहो, त्याच्या मशीनची मेमरी कमी पडली, त्याचा काही दोष नाही," मोतीलाल सभेला समजावत म्हणाले. "आणि पार्किंगचं चार मेंबरांनी..."

"मशीनचं नाव नका घेऊ. मी काढली," शालिकराम म्हणाला. "झाडं काढली असती तरी चाललं असतं. तुम्ही रागवाल म्हणून झाडं ठेवली अन् ही बाजू काढली. मैनावहिनीले मी खोटं सांगितलं."

सभेत कुजबूज झाली. पुढच्या रांगेतला भैयालाल हसला, "शालिकराम, तू मशीनपेक्षा लहान निघाला की!" दोघेचौघे हसले. शालिकराम खाली बसला नाही. हसणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, कारण बसायचं कसं तेही त्याला सुचत नव्हतं.

मैनाबाई मागून म्हणाली, "अध्यक्षसाहेब, समाजात गाड्या किती?"

"म्हणजे... असतील पाच-सहा."

"आणि बाया?"

सतरंजीवरच्या बाया मोठ्याने हसल्या. मग एका म्हाताऱ्या मेंबरने हात वर केला, त्याचं पाहून दुसऱ्याने केला. हात वाढत गेले आणि बायकांच्या बाजूसकट नकाशा पास झाला.

सोमवारी सकाळी जागेवर शालिकराम दोरी आणि चुन्याची पाटी घेऊन आला. मैनाबाई आणखी तिघींना घेऊन आधीच उभी होती. तो बायकांच्या बाजूच्या खुंट्या ठोकत होता. ती जवळ आली.

"त्या दिवशी मी तुमची समजूत काढली होती, भाऊजी."

"हौ."

"आता मलेच लाज वाटून राह्यली त्याची."

त्याने मान वर केली नाही. त्याने दोरी ताणली आणि चुना सोडायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "ही भिंत अजून एक फूट बाहेर घ्या."

नकाशात तो फूट नव्हता. शालिकरामने खुंटी उपटली आणि एक फूट बाहेर ठोकली.

"अजून," मैनाबाई म्हणाली.

त्याने पुन्हा उपटली.