एका कानाचं गाणं

चिमणी, माझी तान्ही लेक, झोपली की मी हेडफोन डाव्या कानालाच लावते. उजवा कान तिचा. तिने कूस बदलली तरी त्याला कळलं पाहिजे, नाहीतर पुढची सगळी दुपार बोंबलते.

या एका कानावर मी जवळजवळ एक अख्खी कॅसेट केली. बँडमध्ये होते तोवर मी नुसती कीबोर्ड वाजवायची. गाणारे वेगळे, ठरवणारे वेगळे. चिमणीच्या वेळी सुट्टी घेतली आणि माझ्या जागी दुसरा आला. मग मी ढोल्याकडून, म्हणजे आमच्या ड्रमरकडून, बँडचं जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं. त्यात कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक एकावर एक रचता येतात. पलंग आणि कपाटाच्या फटीत गोधड्या टांगल्या, ठेक्याला चिमणीच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, आवाज माझाच. माझा कीबोर्ड इतका जुना की त्याचे सूर पाण्याखालून आल्यासारखे हलतात. बँडला ते खपायचं नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

एकच गाणं तपासायचं उरलं होतं आणि ढोल्या त्याच दिवशी संध्याकाळी यंत्र न्यायला येणार होता. बँड दौऱ्यावर निघालेला. यंत्र परत कधी मिळेल, कोण जाणे.

दुपारची जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चिमणीला खांद्यावर घेतलं, म्हणून मी ऐटीत दोन्ही कानांना हेडफोन लावून गाणं तपासायला बसले. अर्ध्यावर मी कॅसेट थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. तिथून पुढे माझा आवाज कीबोर्डच्या खाली चालला होता. फार नाही, दात आंबतील एवढाच.

कारण लगेच कळलं. हेडफोनमध्ये कीबोर्ड मी उजव्या कानात ठेवला होता, आवाज आणि डबा डाव्या. गाण्याचा पहिला भाग चिमणी बाहेर फिरायला गेलेली असताना गायले, तो सुरात होता. दुसरा ती शेजारी झोपलेली असताना, दबक्या आवाजात, नुसत्या डब्यावर. कीबोर्ड ज्या कानात वाजत होता, तो कान तिच्याकडे होता. वर शहाणपणा असा की ट्रॅक मोकळे करायला आवाज आणि डबा एकाच ट्रॅकवर उतरवून मी मूळचे पुसलेही होते.

ढोल्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, सोड ते, स्टुडिओत ये, नीट गा, वाजवायला आमचा नवीन आहेच. मी म्हटलं, यंत्र न्यायला ये, सल्ला घरी ठेवून ये.

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पुन्हा गा की, म्हणाल्या. पुन्हा म्हणजे पहिल्या ठोक्यापासून, आणि हाताशी एकच झोप. चिमणी त्यांच्या खांद्यावर पेंगत होती. ती घड्याळाप्रमाणे झोपत नाही, तिच्या मर्जीने झोपते.

मी यंत्राकडे बघत बसले. आवाज हलणार नव्हता. मग कीबोर्डने हलायचं. त्याला सूर खाली करायची सोय नाही, पण यंत्राला कॅसेटचा वेग बदलायचं बटण आहे. कॅसेट जरा जोरात पळवली की माझा आवाज वर चढून कीबोर्डला भेटेल. तेव्हा वाजवून घ्यायचं. नंतर नेहमीच्या वेगाने लावलं की दोघं हातात हात घालून खाली उतरतील. आणि मधल्या जोडावर सूर धरून ठेवला, बटण हळूहळू फिरवलं, तर अख्खं गाणं बुडत बुडत खाली जाईल.

फक्त सुरांवर माझे दोन्ही हात. बटणाला तिसरा हवा.

"आई, इकडे या. चिमणीसकट."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, झोपलेली चिमणी डाव्या हातावर, उजवा बटणावर. "गॅसचं समजू का?"

"समजा. मी मान हलवली की मोठा करायचा. पण हळू."

पहिल्या वेळी गाणं जिन्यावरून गडगडल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी त्या इतक्या हळू गेल्या की तोवर ओळ संपली. चिमणीने पाय झाडले. आम्ही दोघींनी श्वास धरला. तिसऱ्या वेळी मी मान हलवली आणि त्यांच्याकडे बघितलंच नाही.

ढोल्या आला तेव्हा गाणं तयार होतं. तो उभ्यानेच ऐकू लागला. तो जोड आला आणि त्याने मागे नेऊन पुन्हा लावला.

"हे कुठल्या मशिनवर केलंस?"

"आमच्या घरच्या," सासूबाई म्हणाल्या.

मग तो सूर बदलून म्हणाला, कॅसेट दे, स्टुडिओत साफ करून आणतो, ही सगळी खरखर जाईल. मी वायर गुंडाळून यंत्र त्याच्या हातात दिलं. कॅसेट आधीच काढून घेतली होती.

"खरखर राहू दे, ढोल्या. त्यात मी आहे."

तो गेला. मी आमचा छोटा प्लेअर काढला, सवयीने हेडफोन एका कानाला लावला. चिमणी जागी होऊन ओरडायच्या बेतात होती. सासूबाईंनी तिला उचललं, बाहेर नेलं आणि जाता जाता दार ओढून घेत म्हणाल्या, "लाव दोन्ही. मी आहे इथे."