पायदळातला वीर

कुलदीपचं लग्न झालं त्या वर्षी वैशाखात, मांडव उतरून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा त्याचे आजोबा आबाजी निगडीच्या फ्लॅटात जेवणाच्या टेबलाशी बसून बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई एकेक करून चष्म्याजवळ धरत होते.

“हा घे. मिशी बघ कशी हाय!”

“मिशी चालेल, आबा. पगडी नाही चालणार. ती चारशे वर्षं पुढची आहे.” कुलदीपची बहीण तनुजा हिने शिपाई परत डब्यात टाकला.

तनुजा चाकणला साच्यांची डिझाइनं करायची. रविवारी मात्र तिच्या मंडळात टेबलावर जुन्या काळच्या लढाया रंगत. यंदा तिची फौज देवगिरीच्या यादवांची, समोर प्रीतमची होयसळांची. मंडळाचा नियम कडक होता. ज्या शिपायाला त्या काळातला पुरावा नाही, तो समोरच्याने बोट ठेवताच उचलायचा.

आबाजींना या खेळाने झपाटलं होतं. त्यांचा हट्ट एकच. घराण्याचा वीर फौजेत पाहिजे, आणि तोही घोड्यावर.

“पुरावा?”

“शिवंवर दगड उभा हाय की. माझ्या आज्यानं हात धरून घोडा दाखवलाय मला.”

तो वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा दगड, चाकणजवळ, त्यांच्या जुन्या शेताच्या कडेला, आता एका कंपनीच्या भिंतीला लागून उभा होता. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेल्या शेंदराने त्याचा नुसता गोळा झाला होता. चाचपलं की खाली चार पायांचं काहीतरी लागे, एवढंच.

“मग शेंदराचं कवच उतरवू,” आबाजी म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी गोजाबाई बाहेर आल्या. “आवं, ते आपसूक सुटतं तवाच काढायचं असतं. आन्‌ बाहुल्या खेळायचं वय हाय का तुमचं?”

“कौल लावतो. न्हाई दिला तर माघारी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दगडाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवली. तनुजा श्वास रोखून उभी, गोजाबाई हात जोडून. उजवी कळी पडली.

“दिला!” आबाजी पोरासारखे ओरडले आणि खुरप्याची बोथट बाजू शेंदरात घातली. आधी कड सुटली, मग ढलपे, मग परातीएवढा पापुद्रा एकदम हातात आला. तनुजा ब्रशने धूळ झाडू लागली. वर पिंडीची पूजा, मधे अप्सरा, तळाला लढाई. त्या लढाईत अंबाडा बांधलेला एक माणूस. एका हातात ढाल, दुसऱ्यात आखूड सरळ तलवार. पायी. मागे जनावरं.

आबाजींनी आज्याने दाखवलेल्या घोड्यावरून बोट फिरवलं. शिंगांशी येऊन ते थांबलं.

“गाय हाय,” ते म्हणाले.

तनुजाला मात्र राहवेना. “आबा, हे घोड्यापेक्षा भारी आहे! गावची गुरं पळवायला आलेल्यांशी लढून पडला हा. असा पुरावा मंडळात कुणाकडेच नाही!”

गोजाबाई दगडाशी वाकल्या. “दिसतोय पन तुमच्यावानीच. नाकाड बघा.”

आबाजींना हसू फुटलं. त्यांनी वीराला ताजा शेंदूर लावला, पण बोटभरच.

दुपारी डबा पुन्हा उघडला. ऐटदार घोडेस्वार आबाजींनी स्वतःच बाजूला ठेवला. मग दोघं अख्खा डबा उपसत बसली. बिनफेट्याचा, अंबाड्याचा शिपाई तळाशी सापडला तेव्हा त्यांनी एकमेकांना टाळी दिली.

रविवारी खेळ सुरू होण्याआधीच प्रीतमने त्याच्यावर बोट ठेवलं. “तनुजाताई, हा कोण? डोक्याला काहीच नाही?”

तनुजाने फोनवर फोटो दाखवला. प्रीतम तो मोठा करकरून पाहत राहिला.

“मानलं राव! राहू दे.”

तनुजाने वीराला मागच्या रांगेत, झेंड्याजवळ ठेवलं.

“पुढं घे त्याला,” आबाजी म्हणाले.

“लगेच मरेल, आबा. एवढा शोधून आणलाय.”

“मागं ऱ्हायला असता, तर त्याचा दगड कुनी उभा केला असता?”

तनुजाने आजोबांकडे पाहिलं आणि वीराला पुढे सरकवलं.

दुसऱ्याच फेरीत फासे उलटे पडले आणि वीर पडला. आबाजींनी त्याला आपल्या हाताने अलगद आडवं केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“व्हय, आता त्याच्या मागचे काय करत्यात, बघू!”

त्याच वर्षी कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, आबाजी वारले.